अर्धं काम पाण्याचं

नारळ सोलून झाला की मागे सोडण उरतं. कोकणात ते बहुधा चुलीत जातं, नाहीतर माडाच्या आळ्यात. खाडीकाठच्या घरांना मात्र त्याची तिसरीही वाट ठाऊक होती. ओल्या नारळाची सोडणं खाडीच्या उथळ, मचूळ पाण्यात ढिगाने उतरवायची, वर झावळ्या आणि चिखल टाकून दगडांनी दाबायची आणि सोडून द्यायची. सहा महिने, आठ महिने, कधी दहा. भरतीचं पाणी त्या ढिगात शिरतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. सोडणातल्या धाग्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारं जे चिकट द्रव्य असतं, ते पाण्यातले जिवाणू हळूहळू खाऊन टाकतात. त्या दिवसांत खाडीच्या त्या अंगाला गंधकाचा उग्र वास सुटतो. मग सोडणं वर काढून, धुऊन, लाकडी दांडक्याने बडवली की भुसा झडतो आणि हातात सोनेरी काथ्या येतो. सुकं सोडण यंत्राने फाडूनही काथ्या निघतो, पण तो तपकिरी आणि राठ. ब्रशाला, पायपुसण्याला तो चालतो. चांगला सुंभ वळायचा तर खाडीत मुरलेलाच काथ्या हवा.

सुंभ वळतानाची करामत पाहण्यासारखी असते. काथ्याचे दोन पेड तळहातांमध्ये एकाच दिशेला पिळायचे आणि एकमेकांवर चढवताना दिशा उलटी करायची. दोन्ही पेड उलगडायला बघतात आणि त्या धडपडीतच एकमेकांना घट्ट धरून बसतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं म्हणणाऱ्याने दोर वळणारे हात नक्की जवळून पाहिले असणार. काथ्याचा दुसरा गुण म्हणजे त्याला खाऱ्या पाण्याची भीती नाही. खारं पाणी लागलं की लोखंड गंजतं, सुताचा दोर कुजतो, काथ्याचा दोर मात्र दीर्घकाळ तग धरतो. अरबी समुद्रातली जहाजं शेकडो वर्षं याच दोराने शिवली जात होती. फळीला फळी भिडवायची, कडेने भोकं पाडायची आणि खिळ्याऐवजी काथ्याचा टाका घालायचा. चौदाव्या शतकात मालदीवला राहून गेलेल्या इब्न बतूताने तिथल्या काथ्याबद्दल लिहून ठेवलं आहे. खिळ्यांचं जहाज खडकावर आदळलं तर फुटतं, दोराने शिवलेलं मात्र थोडं लवतं आणि वाचतं, हे त्याने नेमकं टिपलं होतं. ही विद्या संपली असं वाटत असतानाच गोव्यात तशा जहाजाची पुन्हा बांधणी झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं जे जहाज दिसतं, त्यावरून आराखडा घेतला आणि फळ्या काथ्याच्या दोरानेच शिवल्या. 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावाने ते २१ मे २०२५ रोजी कारवारला भारतीय नौदलात दाखल झालं.

जहाजाच्या फळ्या धरून ठेवणाऱ्या त्या दोरावर माणसाचा हात पडण्याआधी कित्येक महिने खाडीने काम केलेलं असतं. पाण्याकाठी मिळणाऱ्या वस्तूंपासून काही घडवणं, या विषयाची ओळख करून देताना मला हीच गोष्ट आधी सांगावीशी वाटते. या कलेत अर्धं काम पाणी करतं. त्याने आपला वाटा कुठवर आणला आहे हे ओळखणं ही इथली पहिली विद्या आहे, आणि कात्री, सुरी, सुई यांची पाळी त्यानंतर येते. पुढच्या पानांतल्या कृती ज्यांना करून पाहायच्या आहेत त्यांनी आधी काठावर जाऊन बसावं, तेही वेगवेगळ्या ऋतूंत, असं मी आग्रहाने सांगेन.

आपल्याकडच्या हस्तकलेच्या पुस्तकांवर 'टाकाऊतून टिकाऊ' या कल्पनेचा फार पगडा आहे. रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं, काडेपेट्या यांच्यासाठी ती ठीकच आहे. पाण्याकाठी मात्र टाकाऊ असं जवळपास काही नसतं. वाळूवरच्या रिकाम्या शंखात उद्या एखादा खेकडा राहायला येणार असतो, वाहून आलेल्या ओंडक्यावर शेवाळ आणि किडे जगत असतात, पाणकणसाच्या दाटीत पाणकोंबडीचं घरटं असतं. म्हणून इथून काही उचलणं म्हणजे कोणाच्या तरी वाट्यातलं मागून घेणं असतं. ते कसं मागावं, किती मागावं आणि कुठे हात आखडता घ्यावा, हेही शिकावंच लागतं.

विणकामापासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात समाधानाचं, असं माझं मत आहे. कारण पाण्यातल्या वनस्पती मुळातच विणकामासाठी घडल्यासारख्या असतात. चिखलात हवा नसते, आणि मुळांना तर श्वास घ्यावाच लागतो. म्हणून पाण्यात उभ्या राहणाऱ्या गवतांच्या, लव्हाळ्यांच्या देठांत आणि पानांत वरपासून खालपर्यंत हवेच्या बारीक नळ्या असतात. पानांनी वर घेतलेली हवा या नळ्यांतून चिखलातल्या गड्ड्यापर्यंत उतरते. झाडाने स्वतःच्या जगण्यासाठी केलेल्या या सोयीमुळे आपल्या हाती एक विलक्षण वस्तू येते: वजनाला हलकी, दाबली की परत वर येणारी, आत हवा कोंडलेली असल्याने उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार. त्यात या वनस्पती उंच आणि सरळ वाढतात, त्यांना फांद्या फुटत नाहीत, गाठी नसतात आणि वारा-लाटांपुढे लवायची त्यांना सवय असते.

महाराष्ट्रात यातली सगळ्यात सहज भेटणारी वनस्पती म्हणजे पाणकणीस. काही जण तिला रामबाण म्हणतात. तळ्याच्या कडेला, कालव्याच्या पाझरावर, धरणाच्या फुगवट्यात आणि शहरांतल्या नाल्यांतही ती माणसापेक्षा उंच वाढते. तिचं तपकिरी, मखमली कणीस सगळ्यांना माहीत असतं, तिच्या पानाकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. हे पान पट्ट्यासारखं लांब असतं, त्याला मधली जाड शीर नसते आणि आडवं कापलं तर आत हवेच्या खणांची ओळच दिसते. भिजलं की ते फुगतं. लाकडी पिंपांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला ते युरोपात याच गुणामुळे वापरलं जायचं.

पाणकणसाचं पान ताजं, हिरवं असताना विणायला फार छान वाटतं, आणि नवशिका तिथेच फसतो. हिरव्या पानात पाणी भरलेलं असतं. ते सुकलं की पान आकसतं आणि आज घट्ट दिसणारी टोपली पंधरवड्यात खिळखिळी होते. म्हणून पानं आधी पूर्ण वाळवायची, तीही सावलीत आणि हळूहळू, नाहीतर ऊन लागून ती तडकतात. एकदा हे आकसणं होऊन गेलं की विणायच्या आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पाण्यात बुडवून ठेवू नयेत, त्याने ती पुन्हा फुगतात. सकाळी एक पान बोटाभोवती गुंडाळून पाहावं. न तडकता वळलं तर बसावं विणायला. आधी वाळवायचं आणि मग पुन्हा ओलवायचं, ही रीत जगभरच्या लव्हाळे विणणाऱ्यांनी आपापल्या जागी शोधून काढली आहे. पुढच्या सगळ्या कृतींचं यश या एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून ती मी इथेच सविस्तर सांगितली.

आपल्या देशात या विणकामाच्या ज्या परंपरा आहेत त्या पाहिल्या की थक्क व्हायला होतं. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ पत्तमडै नावाचं गाव आहे. ताम्रपर्णी नदीच्या काठचं कोरै नावाचं लव्हाळं आणून तिथल्या लब्बै मुस्लिम घरांत चटया विणतात. काडी चिरून बारीक करायची आणि वाहत्या पाण्यात दिवसचे दिवस भिजत ठेवायची. साचलेलं पाणी त्याला चालत नाही. मग ती इतकी मऊ होते की सुताच्या ताण्यावर विणलेली चटई कापडासारखी घडी घालता येते. मिथिलेत सिक्की नावाचं पाणथळ जागेतलं गवत आहे. ते वाळल्यावर अंगचाच सोनेरी रंग धरतं. तिथल्या बायका मुंज गवताच्या जुडीभोवती सिक्कीचे वेढे घेत, टकुआ नावाच्या लोखंडी टोच्याने टाके घालत डबे आणि टोपल्या घडवतात. लेक सासरी जाताना तिच्याबरोबर हे डबे जायचे. मणिपूरमध्ये कौना नावाचं लव्हाळं चिरतसुद्धा नाहीत. त्याची गोल, फुगीर काडी अखंडच विणतात, त्यामुळे तिथली चटई गादीइतकी जाड आणि मऊ होते. बंगाल, आसाम आणि बांगलादेशात मुर्ता नावाच्या पाणथळीतल्या झुडपाची साल चिरून, भाताच्या पेजेत उकळून शीतलपाटी विणतात. उन्हाळ्यात तिच्यावर अंग टाकलं की गारवा लागतो. सिल्हेटच्या शीतलपाटीच्या विणकामाला २०१७ मध्ये युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. वाहतं पाणी, पेज, ऊन, अखंड काडी अशी प्रत्येक ठिकाणची युक्ती वेगळी आहे, कारण प्रत्येक ठिकाणचं पाणी आणि त्यातलं गवत वेगळं आहे. पत्तमडैची कृती कौन्यावर चालवायला गेलं तर दोन्ही वाया जातील.

महाराष्ट्रात अशी एका गवताभोवती उभी राहिलेली नावाजलेली परंपरा दिसत नाही, याची मला खंत वाटते. पण आपल्या जुन्या घरांत पाण्याकाठच्या वस्तू नव्हत्या असं मुळीच नाही. त्या इतक्या रोजच्या होत्या की त्यांना कोणी कलाकुसर म्हटलं नाही. वाळ्याचीच गोष्ट घ्या. नदी-ओढ्यांच्या काठी वाढणाऱ्या या गवताची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. ती मुळं विणून उन्हाळ्यात खिडकीला पडदे लावायचे, त्यांवर पाणी शिंपडायचं, की आत येणारा वारा गार होऊन सुगंध घेऊन यायचा. वाळ्याचे पंखे असत, माठात वाळ्याची जुडी असे. किंवा बोरू. पोकळ, कठीण काडीला तिरका काप दिला की टोकाची एक बाजू जाड रेघ उठवते आणि दुसरी बारीक. आपल्या जुन्या पोथ्यांच्या आणि मोडी कागदांच्या अक्षरांत जो जाड-बारीकपणाचा डौल आहे तो या कापातून आलेला आहे. आजही बोरू तासून लिहून पाहावं. पहिल्या ओळीतच हाताला समजतं की अक्षराचं वळण अर्धं मनगटात असतं आणि अर्धं त्या कापात.

आणि भेंड. बंगालात हिला शोला म्हणतात. समुद्रकाठी वाढणारा भेंडीचा वृक्ष वेगळा आणि हे भेंड वेगळं. हे साचलेल्या पाण्यात, भातखाचरांच्या आणि डबक्यांच्या कडेला वाढणारं, एका वर्षाचं आयुष्य असलेलं झाड. पाण्यात बुडालेला त्याचा बुंधा फुगतो आणि आतून दुधासारखा पांढरा, जवळपास वजनच नसलेला गर भरतो. पाणी जितकं खोल तितका हा भाग जाड. बंगालातले मालाकार धारदार सुरीने या गराचे कागदासारखे पातळ, लांब पापुद्रे काढतात. नवरदेवाचा टोपोर, देवीचे दागिने, फुलांच्या माळा, सगळं त्यातून होतं. कामाच्या वेगापेक्षा त्यातली शांतता मला जास्त भावते. सुरी स्थिर धरून काडी फिरवत राहायची, हात जरा चळला तर पापुद्रा तुटतो. आपल्याकडेही लग्नातली बाशिंगं भेंडाची होत, मखरं भेंडाची होत. मग थर्मोकोल आलं आणि ते स्वस्त, पांढरं, हलकं आणि ढिगाने मिळणारं असल्याने भेंड मागे पडलं. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आणली तेव्हा पुठ्ठा आला, कागद आला, कापड आलं. ज्या वस्तूची जागा थर्मोकोलने घेतली होती ती फारशी कोणाला आठवली नाही. भेंडाचं मखर गणपतीबरोबर पाण्यात गेलं असतं तर ज्या पाण्यातून आलं त्यातच कुजून मिसळून गेलं असतं. हे काम पुन्हा सुरू व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कोकणातल्या भातखाचरांच्या कडेला साचणारं पाणी अजून आहे.

केवड्याबद्दल थोडक्यात सांगतो. त्याचा सुगंधी कणसाचा तुरा फक्त नरझाडाला येतो, पण पानं दोन्ही झाडांची लांब आणि चिवट असतात. खाडीकाठी, समुद्राच्या वाळूत त्याची बनं असतात. पानाच्या दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेला काटे असतात, ते आधी काढावे लागतात. केरळात ही पानं काटे काढून, गुंडाळून, उकळून आणि वाळवून चटया विणतात. कोकणात केवड्याच्या बनात नाग असतो अशी समजूत आहे. ती खरी असो वा नसो, त्या दाट, काटेरी जाळीत हात घालण्याआधी काठीने पाला हलवून पाहावा हे बरं.

समुद्रकाठी गेलेल्या माणसाचा हात सगळ्यात आधी शिंपल्याकडे जातो, आणि नेमकं तिथेच मला थांबवून काही सांगायचं आहे. शिंपल्यांचं काम जुनं आहे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी एका शिंपल्याच्या पातळ, चौकोनी कापलेल्या चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या दिसतात. त्यांतून येणारा उजेड मऊ आणि मोतिया असतो, ऊन थेट डोळ्यांवर येत नाही. पण हा शिंपला आता संरक्षित आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ मध्ये शंख-शिंपल्यांच्या अनेक जाती घातल्या गेल्या, आणि सगळ्या खऱ्या प्रवाळांनाही वरच्या दर्जाचं संरक्षण मिळालं. किनाऱ्यावरच्या दुकानांत मांडलेले मोठे, चकचकीत शंख पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाटांनी वाळूवर आणून टाकलेला शंख बहुधा झिजलेला, भोक पडलेला, रंग उडालेला असतो. ज्याची चकाकी शाबूत आहे तो बऱ्याचदा जिवंत प्राण्यासकट समुद्रातून काढलेला असतो. पूजेच्या सामानाच्या दुकानांत चौकटीत बसवून मिळणारं 'इंद्रजाल' तर झाडही नाही आणि मूळही नाही. ती समुद्राच्या तळावर वाढणाऱ्या काळ्या प्रवाळाची किंवा समुद्रपंख्याची वसाहत असते, म्हणजे हजारो बारीक प्राण्यांनी मिळून बांधलेलं घर. वास्तुदोषासाठी म्हणून ते भिंतीवर टांगणं हा गुन्हा आहे, आणि समुद्रावर अन्यायही.

मग वाळूवरचे साधे, रिकामे शिंपले तरी घ्यावेत का? माझं उत्तर असं: घ्यावेत, पण मोजके, आणि आत कोणी राहत नाही ना हे पाहून. शंख तळहातावर ठेवून थोडा वेळ वाट बघावी. आत साधू खेकडा असेल तर त्याचे पाय बाहेर येतात. या खेकड्याच्या पोटाला कवच नसतं, रिकामा शंख हेच त्याचं अंग झाकण्याचं साधन. वाढत गेला की त्याला मोठा शंख लागतो. किनाऱ्यावर मोकळे शंख उरले नाहीत तर त्याला उघड्या अंगाने राहावं लागतं. आपण चार उचलले तर काय फरक पडतो, असं वाटणं साहजिक आहे. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या एका पुळणीत १९७८ ते १९८१ दरम्यान आणि पुन्हा २००८ ते २०१० दरम्यान शिंपल्यांची गणती झाली. मधल्या काळात तिथले पर्यटक जवळपास तिप्पट झाले होते, आणि वाळूवरचे शिंपले जवळपास एक तृतीयांशावर आले होते. चार-चार उचलणारे हात पुष्कळ झाले की असं होतं. म्हणून शिंपल्यांच्या कृतींसाठी मी एक वेगळी वाट सुचवेन. तिसऱ्या आणि कालवं आपल्या स्वयंपाकघरात येतातच. खाऊन झालेल्या तिसऱ्यांचे शिंपले उकळून, घासून, उन्हात वाळवले तर ते वाळूवरच्या शिंपल्यांइतकेच सुंदर असतात. माकुळाच्या पाठीतला समुद्रफेस कोळणीकडून मागून घेता येतो. तो इतका मऊ असतो की नखानेही कोरता येतो, लहान मुलांना कोरीवकाम शिकवायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही.

वाहून आलेल्या लाकडाचं थोडं वेगळं आहे. ते पावसाळ्यानंतर पुष्कळ येतं आणि नद्यांच्या मुखाशी अधिक येतं. त्यातला खार आधी जाऊ द्यावा लागतो. गोड्या पाण्यात ते काही आठवडे ठेवून पाणी बदलत राहावं, नाहीतर घरात आल्यावर पावसाळ्यात त्याला ओल सुटत राहते आणि खिळे गंजतात. किनाऱ्याला धरून असलेल्या कांदळवनातलं लाकूड मात्र, वाळलेलं दिसलं तरी, तोडू नये. राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पूर्ण बंदी घातली आहे. आणि तो न्यायालयाचा निर्णय नसता तरी, भरतीच्या लाटेला अडवणारं झाड फुलदाणीसाठी तोडणं मला पटलं नसतं.

जिच्याबद्दल कोणीही हात आखडता घेऊ नये अशी एकच वनस्पती या सगळ्यात आहे, ती म्हणजे जलपर्णी. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेची म्हणून आणलेली, आणि आता इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा, पंचगंगा, उल्हास कुठेही पाहावी तर पाण्यावर तिचा हिरवा थर पसरलेला. तिच्या दाट चादरीखाली पाण्यात प्राणवायू उरत नाही, मासे मरतात, डास वाढतात. दरवर्षी यंत्रं लावून ती काढतात आणि काठावर ढीग लावतात, पुढच्या वर्षी ती पुन्हा तिथेच असते. तिचे लांब देठ वाळवले तर त्यांची वेणी घालता येते, विणता येतात, आणि त्यांचे टोपल्या, पिशव्या, आसनं असे प्रकार होतात. गुवाहाटीजवळच्या दीपोर बीलच्या काठावरच्या मासेमार घरांतल्या मुलींनी जलपर्णीपासून योगासाठीची चटई तयार केली. तिला त्यांनी त्याच पाणथळीतल्या जांभळ्या पाणकोंबडीचं नाव दिलं, 'मूरहेन'. हे मला फार आवडतं, कारण त्या चटईसाठी जितकी जलपर्णी निघेल तितकी त्या पक्ष्याची जागा मोकळी होईल.

पण जलपर्णीबद्दल सरसकट उत्साह दाखवणंही बरोबर नाही. तिच्या देठात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. गाडीभर जलपर्णी वाळवली की हाती जेमतेम ओंजळभर काम करण्याजोगा माल येतो, आणि वाळवायला मोठं मोकळं अंगण आणि सलग कोरडे दिवस लागतात. दमट हवेत बुरशी धरते. शिवाय ही वनस्पती पाण्यातली घाण आणि जड धातू शोषून घेते. शहरांच्या खाली, जिथे सांडपाणी थेट नदीत मिसळतं तिथली जलपर्णी हातमोजे घालूनच काढावी आणि तिच्यापासून खाण्यापिण्याच्या वस्तू ठेवायच्या टोपल्या करू नयेत. नदी स्वच्छ होण्याचा मार्ग हस्तकलेतून जातो, असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया झाल्याशिवाय जलपर्णी कमी होणार नाही, कितीही टोपल्या विणल्या तरी. बचत गटातल्या बायकांना त्यातून चार पैसे मिळाले तर ते चांगलंच आहे, पण नदीची जबाबदारी त्यांच्या बोटांवर टाकू नये.

बोटांच्या कमाईबद्दलही बोलायला हवं. काथ्या बडवणाऱ्या, सिक्कीचे वेढे घेणाऱ्या, चटया विणणाऱ्या या कामातल्या बहुतेक बायका आहेत. त्यांच्या मजुरीत गवत शोधण्याचा, कापण्याचा, वाहून आणण्याचा आणि वाळवण्याचा वेळ जवळपास कधीच धरला जात नाही. दुकानातली चटई महाग वाटली तर एक आसन स्वतः विणून पाहावं. ज्याने ते एकदा केलं त्याचा हात पुढे घासाघीस करायला धजत नाही. आणि गवतही आता जवळ मिळेनासं झालं आहे. नदीकाठाला दगडी पिचिंग होतं, भिंत होते, फरशी होते, दिवे लागतात. पाणी आणि जमीन यांच्यामधली ओली, चिखलाची, लव्हाळ्यांची पट्टी सुशोभीकरणात सगळ्यात आधी जाते, कारण ती अस्वच्छ दिसते. पुण्यात किंवा नाशिकला नदीवर फिरायला जाणाऱ्या मुलाला पाणकणीस दिसतं ते भिंतीच्या फटीत किंवा नाल्याच्या तोंडाशी. ती पट्टी राहिली नाही तर या पुस्तकातल्या निम्म्या कृतींना जागाच उरणार नाही. म्हणून जिथे ती अजून आहे तिथे ती आहे तशीच राहावी, असा आग्रह धरणं हाही मी या कलेचाच भाग मानतो.

आपल्या सणांमध्ये पाण्याकाठाहून काही आणण्याची रीत अजून थोडी टिकून आहे. कोकणस्थांच्या घरांत खड्यांच्या गौरी येतात, पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे निवडून, न बोलता घरी आणतात आणि पूजा झाली की ते पुन्हा पाण्यातच जातात. गावोगावी बेंदूर-पोळ्याला ओढ्याच्या, तळ्याच्या मातीचे बैल होतात. ज्यांना मुलांबरोबर काम करायचं आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी. माती कोणत्या वळणावर चिकण मिळते, कुठे रेताड, हे मुलं दोन-तीन ठिकाणची माती मळून पाहिली की आपोआप शिकतात. रेताड मातीच्या बैलाची शिंगं तुटतात आणि पुढच्या वेळी मुलं आपणहून आतल्या वळणाला जातात, जिथे पाण्याचा वेग मंदावतो आणि बारीक गाळ बसतो.

मोठ्यांनी पाणकणसापासून आरंभ करावा. पावसाळ्यात अजिबात कापू नये. आषाढ ते भाद्रपद हा पाणकोंबड्यांच्या विणीचा काळ असतो, सुगरणीही त्याच दिवसांत पानांचे धागे फाडून नेत असतात. कोजागिरी उलटली, पिल्लं उडाली, पानं पुरती वाढून टोकाला जरा पिवळी पडू लागली की वेळ आली असं समजावं. एका जागचं सगळं न कापता, मधून मधून, विरळ करत जावं, म्हणजे उभ्या राहिलेल्यांना ऊन मिळतं. आणि पान नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर चार बोटं ठेवून कापावं. पाण्याखाली कापलं तर पानांतून गड्ड्यापर्यंत उतरणाऱ्या हवेच्या नळ्यांत पाणी शिरतं, चिखलातला गड्डा गुदमरतो, आणि पुढच्या वर्षी त्या जागी पानं फुटत नाहीत.